प्रेअरीतल्या गावाचा सातबारा कसा काढायचा

अण्णा पहिल्यांदा आमच्याकडे कॅनडाच्या प्रेअरीत, म्हणजे सपाट माळरानाच्या मुलखात, सस्कॅचवानला आले तेव्हा मी त्यांना व्हेरेगिनला घेऊन गेले. यॉर्कटनहून गाडीनं पाऊण-एक तास. गाडीतून उतरून त्यांनी डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं आणि विचारलं, "गाव कुठाय?"

"अहो अण्णा, गावातच उभे आहोत आपण."

"बरं. मग शीव कुठं?"

अण्णांनी उभं आयुष्य माण तालुक्यात तलाठी म्हणून काढलं. गावात शिरल्यावर आधी शीव, मग ओढा, मग देऊळ आणि मग माणसं, या क्रमानं गाव वाचायची त्यांना सवय. इथं चार-दोन रस्ते, तुरळक घरं, रेल्वेचे रूळ आणि चहूबाजूंनी आडवीतिडवी पसरलेली शेतं. वस्ती शंभराच्याही आत. त्यांच्या प्रश्नाचं उत्तर त्या दिवशी मला देता आलं नाही. पुढच्या दोन वर्षांत रविवारचे उद्योग म्हणून मी ते शोधत गेले, आणि त्यातून जी पद्धत हाताशी आली ती इथं मांडते. मॅनिटोबा, सस्कॅचवान किंवा अल्बर्टातल्या एखाद्या छोट्या गावी नोकरीनिमित्त येऊन पडलेल्यांना ती उपयोगी पडेल. मी स्वतः यॉर्कटनला फार्मसिस्ट आहे. इतिहासाची पदवी वगैरे काही नाही.

सुरुवात गावाच्या नावापासून करू नका, जमिनीच्या नंबरापासून करा. आपल्याकडे आधी गाव वसलं आणि इंग्रजांनी मागाहून साखळी टाकून ते मोजलं. इथं उलटं झालं. १८७१ च्या जुलैत विनिपेगच्या पश्चिमेला मोजणीची पहिली खूण रोवली गेली आणि तिथून रॉकी पर्वताच्या पायथ्यापर्यंत सगळं माळरान चौकटींत कापत नेलं. नवीन येणाऱ्या माणसाला जागा मिळायची ती या आखलेल्या चौकटीत. म्हणून इथल्या गावाचा पहिला कागद म्हणजे ती चौकट.

नंबर दिसतो असा: एसडब्ल्यू १४-३०-१-डब्ल्यू२. घाबरू नका, गट नंबरापेक्षा सोपा आहे. वाचायचा शेवटाकडून. डब्ल्यू२ म्हणजे दुसऱ्या मेरिडियनच्या, म्हणजे मोजणीच्या उभ्या मूळ रेषेच्या, पश्चिमेला. पहिली मेरिडियन विनिपेगजवळ, दुसरी १०२ अंश पश्चिम रेखांशावर, तिसरी १०६ वर, चौथी ११० वर, आणि ही चौथी म्हणजेच सस्कॅचवान-अल्बर्टाची हद्द. व्हेरेगिन दुसऱ्या मेरिडियनच्या जेमतेम पश्चिमेला आहे, म्हणून तिथला रेंज नंबर १. रेंज म्हणजे मेरिडियनपासून पश्चिमेकडे मोजत गेलेला सहा-सहा मैलांचा उभा पट्टा. ३० हा टाउनशिपचा आकडा. अमेरिकेच्या हद्दीवरून, म्हणजे ४९ अक्षांशावरून, उत्तरेकडे सहा-सहा मैलांचे आडवे पट्टे मोजायचे आणि तिसाव्या पट्ट्यात थांबायचं. उभा आणि आडवा पट्टा जिथं एकमेकांना छेदतात तो सहा मैल गुणिले सहा मैलांचा चौक म्हणजे टाउनशिप. त्याचे ३६ तुकडे पाडले की एक-एक सेक्शन, एक चौरस मैलाचा, ६४० एकर. त्या सेक्शनचे चार क्वार्टर, प्रत्येकी १६० एकर. १४ हा सेक्शनचा नंबर आणि एसडब्ल्यू म्हणजे त्यातला नैर्ऋत्येचा क्वार्टर.

अण्णांना १६० एकर सांगितल्यावर त्यांनी मनातल्या मनात गुंठे केले. "सहा हजार चारशे," म्हणाले, आणि बराच वेळ गप्प बसले. त्यांच्या कारकिर्दीत सहा गुंठ्यांवरून भावाभावांत कुऱ्हाडी निघालेल्या.

आता माझी फजिती सांगते, म्हणजे तुमची टळेल. टाउनशिपमधल्या सेक्शनांचे आकडे आग्नेय कोपऱ्यातून, म्हणजे नकाशाच्या खालच्या उजव्या हाताकडून, सुरू होतात. खालच्या ओळीत उजवीकडून डावीकडे १ ते ६. मग वरच्या ओळीत डावीकडून उजवीकडे ७ ते १२. मग पुन्हा उजवीकडून डावीकडे. शेतात नांगर जसा तासाच्या टोकाला वळतो, तसे आकडे वळत वळत वर चढतात आणि ३६ ईशान्य कोपऱ्यात येतो. मी पहिल्या वेळी पुस्तक वाचल्यासारखं वरच्या डाव्या कोपऱ्यातून मोजत आले. १४ नंबरच्या सेक्शनऐवजी तीन मैल पश्चिमेला आणि एक मैल उत्तरेला जाऊन उभी राहिले. एप्रिल महिना, बर्फ नुकतं वितळलेलं, खडी न टाकलेला मातीचा रस्ता. गाडी बंपरपर्यंत रुतली. दीड तासानं एक शेतकरी ट्रॅक्टर घेऊन आला, साखळी बांधून गाडी ओढून काढली, पैसे घेतले नाहीत आणि जाताना एवढंच बोलला, "खालून मोजायचं असतं." आता प्रिंट काढल्याबरोबर आधी खालच्या उजव्या कोपऱ्यात पेन्सिलनं मोठा १ लिहिते आणि मगच पुढचं बघते.

सेक्शनचा नंबर नीट लागला की तो आकडाच बोलायला लागतो. ८ आणि २६ हे सेक्शन हडसन बे या फरच्या व्यापारी कंपनीच्या वाट्याचे. ११ आणि २९ शाळांच्या नावे राखलेले, ते विकून त्या पैशातून शाळा चालवायच्या. बाकीच्यांत विषम नंबर साधारण रेल्वे कंपन्यांना बक्षीस म्हणून द्यायचे आणि सम नंबर हे होमस्टेडचे, म्हणजे दहा डॉलर भरून अर्ज करणाऱ्या कोणाही कुटुंबाला. म्हणून तुमच्या शेजारच्या शेताचा नंबर १४ असेल तर तिथं कोणीतरी अर्जदार येऊन राहिला असणार असं धरून चालायचं, आणि ११ असेल तर तिथल्या पहिल्या घराची गोष्ट बरीच उशिराची निघणार.

रस्तेही याच चौकटीतले. उत्तर-दक्षिण रस्ता दर मैलाला, पूर्व-पश्चिम दर दोन मैलांना. १८८१ नंतरच्या मोजणीत रस्त्यासाठी सोडलेली पट्टी ६६ फुटांची. हे ऐकून अण्णांचा चेहरा खुलला. आपली शंकू साखळी ३३ फुटांची आणि गुंठा म्हणजे ३३ गुणिले ३३. "म्हणजे दोन साखळ्या रस्त्याला सोडल्यात. चांगलं केलंय," असा शेरा त्यांनी मारला, जणू मोजणीदार त्यांच्याच कचेरीतला.

एक गंमत या सरळ रस्त्यांची. पृथ्वी गोल असल्यामुळे उत्तरेकडे जाताना उभ्या रेषा एकमेकींकडे सरकत जातात आणि चौकट बिघडते. म्हणून दर २४ मैलांवर एक दुरुस्ती रेषा आहे, तिथं उभ्या रेषा पुन्हा नव्यानं मोजून घेतल्यात. इथले लोक तिला करेक्शन लाइन म्हणतात. सरळ चाललेला रस्ता तिथं अचानक संपतो, थोडं बाजूला सरकून पुन्हा सुरू होतो. रात्री धुक्यात हे माहीत नसेल तर गाडी थेट खड्ड्यात.

यानंतर नकाशा बाजूला ठेवून जमीन बघायची. उन्हाळ्यात बघा, हिवाळ्यात सगळं पांढरं. व्हेरेगिनच्या आसपास काळी, भुसभुशीत माती आहे. आपल्या रेगुरासारखी चिकट नाही, हातात घेतली तर मोकळी पडते. हा गवताळ प्रदेश आणि उत्तरेचं जंगल यांच्या मधला पट्टा, शेतांच्या मधेमधे ॲस्पेनची झाडं पुंजक्यापुंजक्यानं उभी. अशा पुंजक्याला इथले शेतकरी ब्लफ म्हणतात. इंग्रजी शाळेत ब्लफ म्हणजे कडा असं शिकलेल्यांची पहिल्यांदा दिशाभूल होते. मधेच पाण्याची डबकी दिसतात, त्यांना म्हणतात स्लू. हिमनद्या वितळताना मागं राहिलेल्या बर्फाच्या लाद्यांनी जमिनीत खळगे केले, त्यांत आता पाणी साठतं आणि बदकं उतरतात. पेरणीयंत्र स्लूला वळसा घालून जातं, म्हणून वरून बघितलं तर शेतात ठशांसारखे गोल दिसतात. या चौकटीला न जुमानणारं बाकी काय आहे ते शोधायचं: नदी, स्लू, टेकडी, जुनी पायवाट. व्हेरेगिनच्या बाबतीत असिनिबॉइन नदी, कॅमसॅकजवळ तिला मिळणारी व्हाइटसँड, आणि पूर्वेला क्षितिजावर निळसर दिसणारा डक माउंटनचा उंचवटा.

आणि नदीजवळ आलात की मोजणीआधीची माणसं भेटतात. हे पान बहुतेक लोक उलटून पुढं जातात. गावाच्या इतिहासाच्या पुस्तकात पहिलं वाक्य असतं, 'पहिले वसाहतकार अमुक साली आले.' ते तिथंच खोडून सुरुवात करा. असिनिबॉइनच्या कोपरावर हडसन बे कंपनीचं फोर्ट पेली हे ठाणं १८२४ मध्ये उभं राहिलं, कारण फर घेऊन येणारी माणसं तिथं आधीपासून होती. १५ सप्टेंबर १८७४ ला कपेल खोऱ्यात सरकार आणि इथले मूळ रहिवासी यांच्यात चौथा करार झाला, त्यावर या भागातल्या सोटो लोकांचा प्रमुख गॅब्रिएल कोटे याची खूण आहे. कोटे, कीसीकूज आणि की या तीन फर्स्ट नेशन, म्हणजे मूळ रहिवाशांच्या जमाती, आजही व्हेरेगिनपासून हाकेच्या अंतरावर आहेत. शेजारचं कॅमसॅक हे मोठं गाव कोटे राखीव क्षेत्रातली जमीन रेल्वे आणि गावठाणासाठी काढून घेऊन वसलं. तुमच्या गावाचा करार कोणता, त्यावर कोणाच्या सह्या आहेत आणि जवळची राखीव क्षेत्रं पूर्वी केवढी होती, हे तीन प्रश्न लिहून ठेवा आणि उत्तरं शोधा. राखीव क्षेत्राचा जुना नकाशा आणि आजचा नकाशा शेजारी ठेवला की पुष्कळ कळतं.

रेल्वेकडे मी थोडक्यात बघते, कारण यात फार डोकं लागत नाही. बैलगाडी किंवा घोडागाडीनं धान्य नेऊन दिवसात परत येता यावं म्हणून आठ-दहा मैलांवर स्टेशन आणि स्टेशनापाशी धान्याचं एलिव्हेटर, म्हणजे उंच कोठार. गावं या हिशोबानं पेरली गेली, आणि नावंही कंपनीनंच ठेवली. कनोरा हे नाव कॅनेडियन नॉर्दर्न रेल्वे या शब्दांचे तुकडे जोडून बनवलं. मेलव्हिलच्या पश्चिमेला ग्रँड ट्रंक पॅसिफिक या रेल्वे कंपनीनं तर सरळ इंग्रजी बाराखडी लावली: फेनवूड, गुडीव्ह, हबर्ड, इट्यूना, जॅस्मिन, केलिहर. अशा नावात गावाचा इतिहास शोधत बसू नका. पण एखादं नाव या रांगेत बसत नसेल तर तिथं थांबा.

व्हेरेगिन तसं आहे. १९०४ च्या सुमाराला रूळ इथवर आले तेव्हा स्टेशनाला एका माणसाचं नाव दिलं, प्योत्र व्हेरिगिन, आणि देताना स्पेलिंग चुकवलं. त्याच्या आडनावात 'रि', गावाच्या नावात 'रे'. कुलकर्ण्यांचं कुलकरनी होताना बघितलेल्या आपल्या लोकांना यात नवल वाटणार नाही, पण याचा उपयोग आहे: कागदात नाव शोधताना तीन-चार स्पेलिंगं करून शोधा. रशियन बोलणारा माणूस, इंग्रजी लिहिणारा कारकून. एकाच बापाच्या दोन मुलांची आडनावं दोन तऱ्हांनी नोंदलेली मिळतात.

हा व्हेरिगिन डुखोबोरांचा पुढारी. डुखोबोर म्हणजे रशियातले शेतकरी, ज्यांनी चर्च, पाद्री, मूर्ती सगळं नाकारलं. देव माणसाच्या आत आहे, म्हणून माणूस मारायचा नाही; प्राणीही नाही, त्यामुळे शाकाहार. त्यांची प्रार्थना म्हणजे तोंडपाठ स्तोत्रं एकत्र गाणं. ती कागदावर न ठेवता पिढ्यान्‌पिढ्या एकाच्या तोंडून दुसऱ्याच्या तोंडी गेली. त्या सगळ्याला ते जिवंत पुस्तक म्हणतात. वारकऱ्यांच्या घरात वाढलेल्या माणसाला हे समजायला वेळ लागत नाही. प्रार्थनेला बसताना मधे टेबलावर पाव, मीठ आणि पाणी. १८९५ च्या जूनमध्ये त्यांनी कॉकेशसमध्ये आपली शस्त्रं जाळली आणि झारच्या सैन्याचा मार खाल्ला. टॉलस्टॉयनं त्यांच्यासाठी 'पुनरुत्थान' या कादंबरीचे पैसे दिले. सुमारे साडेसात हजार माणसं १८९९ मध्ये बोटींनी कॅनडात आली. पहिली बोट २० जानेवारीला हॅलिफॅक्सला लागली. पुढं १९१० मध्ये गांधीजींनी आफ्रिकेत आपल्या आश्रमाला ज्याचं नाव दिलं तो हाच टॉलस्टॉय. व्हेरेगिनच्या डुखोबोर वारसा गावात त्याचा पुतळा आहे. अण्णांनी त्याच्यापुढं हात जोडले. मी फोटो काढला.

आता मुख्य कागद. होमस्टेडची फाइल. कॅनडाच्या राष्ट्रीय अभिलेखागाराकडे वेस्टर्न लँड ग्रँट्स नावाचा संग्रह ऑनलाइन फुकट बघता येतो, त्यात जमिनीच्या नंबरावरून मालकीचा पट्टा कोणाला मिळाला ते सापडतं. खरी मजा मात्र प्रांताच्या अभिलेखागारातल्या फाइलींत. नंबर देऊन प्रत मागवायची. आत साधारण हे असतं: अर्ज, मग तीन वर्षांनी भरलेला जबाब. दरवर्षी किती एकर मोडले, किती पेरले, गुरं किती, घोडे किती, घर किती बाय किती फुटांचं, घरात माणसं किती. म्हणजे नाव एका बाजूला आणि पीकपाणी दुसऱ्या बाजूला. सात आणि बारा. मी अण्णांना पहिली फाइल मोबाइलवर पाठवली तेव्हा त्यांनी एक-एक रकाना बोट ठेवून वाचला असणार, कारण दुसऱ्या दिवशी फोनवर त्यांचा पहिला प्रश्न, "फेरफार कुठाय?"

फेरफार असतोच. एकाच क्वार्टरवर दोन-तीन नावं येतात, आधीच्यांपुढं 'रद्द'. हे रद्द झालेले अर्ज वगळून पुढं जाऊ नका. गावाची खरी गोष्ट तिथंच दडलेली असते. सहसा कारण साधं निघतं: माणूस कंटाळून गेला, पिकं गारठली, बायको आलीच नाही. पण व्हेरेगिनच्या भोवतालच्या टाउनशिपांत एकाच वर्षी, १९०७ मध्ये, रद्दांची रांगच लागलेली दिसते, आणि सगळी नावं रशियन.

झालं असं. डुखोबोरांना वेगवेगळ्या क्वार्टरवर एकटं-एकटं घर बांधायचं नव्हतं. त्यांना आपल्यासारखं गावात राहून शेतावर जायचं होतं. या जमिनी सांभाळणाऱ्या इंटीरियर खात्याचा मंत्री क्लिफर्ड सिफ्टन याला माळरान भरायची घाई होती, त्यानं कायद्यातल्या एका कलमाच्या आधारानं हे चालू दिलं. तीन वसाहतींत मिळून साठ-एक गावं उभी राहिली. एक रुंद रस्ता, दोन्ही बाजूंना समोरासमोर घरं, ओंडक्यांच्या भिंती मातीनं लिंपून चुन्यानं पांढऱ्या केलेल्या. लिंपणं बायकांचं काम. पहिल्या उन्हाळ्यात पुरुष रेल्वेच्या कामावर रोजगाराला गेले आणि जनावरं पुरेशी नव्हती, तर बायकांनी दोऱ्या खांद्यावर घेऊन नांगर ओढला. तो फोटो इथल्या प्रत्येक संग्रहालयात टांगलेला असतो. १९०२ च्या डिसेंबरात व्हेरिगिन सैबेरियातल्या हद्दपारीतून सुटून आला आणि ओत्रादनोये या गावी आपल्या माणसांना भेटला.

मग १९०५ मध्ये मंत्री बदलला. फ्रँक ऑलिव्हरनं कायदा अक्षरशः लावायला घेतला: प्रत्येकानं आपल्या क्वार्टरवर राहावं, तो स्वतःच्या नावावर करावा आणि पट्टा हवा तर राजाशी निष्ठेची शपथ घ्यावी. शपथ देवाशिवाय कोणाची घ्यायची नाही आणि जमीन एकट्याच्या नावावर करायची नाही, अशी बहुतेकांची श्रद्धा. त्यांनी सही केली नाही. १९०७ मध्ये अर्ज रद्द झाले, गावांभोवती माणशी १५ एकर राहू दिले आणि बाकीची नांगरलेली जमीन खुली केली. यॉर्कटनच्या लँड ऑफिसबाहेर लोकांनी रात्रंदिवस रांगा लावल्या. मी रोज जिथं गाडी लावते तिथून चालत जाण्याएवढ्या अंतरावर हे घडलं, आणि मला ते कळायला चार वर्षं लागली.

पुढं १९०८ पासून पाच हजारांवर माणसं व्हेरिगिनबरोबर ब्रिटिश कोलंबियात निघून गेली. ज्यांनी सही केली ते स्वतंत्र डुखोबोर म्हणून इथंच राहिले, आणि त्यांचीच पणतवंडं आज इथं शेती करतात. व्हेरेगिनला पीठगिरणी, वीटभट्टी, कोठारं असलेलं ठाणं राहिलं, १९१७ च्या सुमाराला दुमजली प्रार्थनाघर झालं. नक्षीदार लोखंडी कठड्यांचा सज्जा अजून जागच्या जागी आहे. व्हेरिगिन स्वतः १९२४ मध्ये रेल्वेच्या डब्यातल्या स्फोटात मेला. स्फोट कोणी केला ते आजतागायत उलगडलेलं नाही.

म्हणून कागदानंतर पायांनी जायचं. मोडलेली गावं नकाशावर नसतात, पण जमीन सहजासहजी विसरत नाही. आधी १९४० च्या दशकातले विमानातून काढलेले फोटो मागवून बघा. त्यांत नांगराखाली न गेलेल्या पट्ट्या, दोन समांतर रांगांत तळघरांचे खळगे दिसतात. मग जागेवर जाऊन झाडं बघा. कारागानाचं कुंपण, लायलॅकचं झुडूप, रुबार्बचा ठोंब. ही तीन आपोआप उगवत नाहीत, कोणीतरी घराजवळ लावलेली असतात. माळावर एकटा लायलॅक फुललेला दिसला तर तिथून दहा पावलांवर कोणाचं तरी दार होतं असं समजा.

पण शेतात शिरण्याआधी मालकाची परवानगी घ्या. सस्कॅचवानात २०२२ पासून हा कायदाच आहे, पाटी नसली तरी. मालक शोधणं सोपं: गावाच्या को-ऑपमध्ये किंवा पेट्रोल पंपावर सकाळी दहाच्या सुमाराला म्हातारे शेतकरी कॉफी घेत बसतात. याला कॉफी रो म्हणतात. आपला पारच, फक्त वड नाही. तिथं 'मला गावाचा इतिहास सांगा' असं म्हणू नका, सगळे गप्प बसतात किंवा हवामानावर येतात. छापील नकाशा टेबलावर पसरा आणि एका क्वार्टरवर बोट ठेवून विचारा, इथं आधी कोण होतं? मग थांबवावं लागतं. आपल्याकडे जोश्यांनी विकून पन्नास वर्षं झाली तरी ते जोश्याचंच वावर असतं. इथंही तसंच, तीन मालक बदलले तरी क्वार्टर पहिल्याच्या नावानं ओळखला जातो. एकानं मला सांगितलं, अमक्याच्या क्वार्टरवर पेरायला गेलं की फाळाला अजून विटा लागतात. कुठल्याही फाइलीत हे नव्हतं.

स्थानिक इतिहासाची जाडजूड पुस्तकं वाचनालयात असतातच. प्रांताला ५० वर्षं झाली तेव्हा आणि ७५ झाली तेव्हा, म्हणजे १९५५ आणि १९८० च्या आसपास, गावोगावी ती निघाली. प्रत्येक घरानं आपलं पान आपण लिहिलंय, त्यामुळे त्यात सगळे कष्टाळू आणि सगळ्यांच्या म्हशी दुधाळ. तारखा आणि नात्यांसाठी वापरा, भांडणांसाठी नको. आणि एक सावधगिरी: कनोराच्या बाजूला कांद्यासारखे घुमट असलेली चर्चेस दिसली तर ती युक्रेनी लोकांची. भाषा आणि सूप जवळचं आहे म्हणून दोघांना एकात धरलं तर दोन्हीकडची मंडळी नाराज होतात. डुखोबोरांच्या बोर्श या सूपमध्ये बीट नावालाच असतं. कोबी, लोणी, साय आणि शेपू यांचा तो कारभार. शाकाहारी मराठी माणसानं बिनधास्त प्यावं, तरी एकदा विचारून घ्यावं.

शेवटी हे सगळं एका पानावर लिहून काढा, एका वेळी एकच क्वार्टर. अख्ख्या गावाचा इतिहास लिहायला घेतलात तर दोन महिन्यांत सोडून द्याल. मी आजवर अकरा क्वार्टर केलेत.

अण्णा दुसऱ्यांदा आले तेव्हा त्यातला एक त्यांना दाखवायला नेला. मालकानं परवानगी दिली होती, पेरलेल्या कडेकडेनं जा म्हणाला. गुडघाभर पिवळा कॅनोला आणि उत्तरेच्या टोकाला तारेचं लहानसं कुंपण, आत गवतात दहा-बारा जुनी थडगी. गाव उठलं, थडगी राहिली. पेरणीयंत्र तेवढ्यापुरतं वळसा घालून जातं. अण्णांनी गाडीच्या बॉनेटवर वही ठेवली आणि पट्टीनं रेघा मारून रकाने पाडले. खातेदार, मी सांगितलं तो आजचा मालक. क्षेत्र, १६० एकर. पीक, कॅनोला. कुळाचं नाव विचारलं, मी फाइलीतलं १९०७ चं रद्द नाव सांगितलं. त्यांनी ते लिहून कंस केला आणि सवयीनं पुढं 'कमी' असा शेरा टाकला.

मग पेन 'इतर अधिकार' या रकान्यावर आणून ते माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, करार क्रमांक चार, १८७४. तो लिहिला. थोडा वेळ कुंपणाकडे बघत राहिले आणि खाली आणखी एक ओळ घातली: 'उत्तर बांधालगत स्मशान, वहिवाट चालू.'

"चालू कशी अण्णा? सगळे गेलेत की."

"कुंपण कोणीतरी रंगवलंय यंदा," ते म्हणाले, आणि वही मिटली.